पश्चिमेच्या खिडक्या

माणूस बरोबर असला म्हणून तो सोसवतोच असं थोडंच आहे! आमचे सर जन्मभर बरोबर होते आणि जन्मभर असह्य होते. मी त्यांच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले तेव्हा ते भूगोल शिकवून निवृत्त व्हायच्या बेतात होते. मालवणपासून थोडं दूर, अगदी दर्याला लागून त्यांचं घर होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. गावानं झाडून मला सांगितलं, "टीचर, थंय नको. तो येडो आसा." मी कणकवलीकडची, सात भावंडांत वाढलेली. वेड्यांना घाबरले असते तर घरातच घाबरले असते.

जूनमध्ये राहायला गेले तेव्हा मला कळेचना, लोक ह्यांना वेडे का म्हणतात. पावसात सर माणसात असायचे. घराच्या पश्चिमेकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, झड आत येतेय, लाद्या ओल्याचिंब, आणि सर बल्कांवात बसलेले. बल्कांव म्हणजे दारापुढचा ओटा, दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटची बाकं. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांना तो असतोच, आणि घरातली निम्मी माणसं तिथंच जगतात. तिथून सर मला हाक मारायचे, "टीचर, भायर येवा. धुतलेली हवा आसा. घेवा, पोटभर घेवा!" जेवणाचा आग्रह करावा तसा हवेचा आग्रह. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बहीण, आम्ही सगळे जिला आंटी म्हणायचो ती, मशीन पुढ्यात घेऊन शिवत असायची आणि गालातल्या गालात हसायची.

आंटीनं लग्न केलं नव्हतं, सरांची बायको लवकर गेली होती. दोघं भावंडं एकमेकांना धरून होती. गावातल्या यच्चयावत ख्रिस्ती पोरींच्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक आंटीच्या हातचे. तिला दमा होता. ह्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी तो दमा आहे.

ऊन तापायला लागलं की सर पालटायचे. पूर्वी म्हणे एप्रिल लागल्याशिवाय ही कटकट नसे. हल्ली शिवरात्रीलाच अंगाची लाही होते, त्यामुळे सरांचं वेडही तेवढं अलीकडे सरकलं होतं. ऊन चढलं की ते उठायचे आणि पश्चिमेच्या खिडक्या एकेक करून लावायचे. फटींत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबायचे. दाराला आतून कडी. सूर्य दर्यात बुडेपर्यंत घर बंद! आत भाजून निघायची पाळी, आणि आंटी ट्यूबलाइटखाली सुईत दोरा ओवत बसलेली.

आता किनाऱ्यावर ह्याच्यासारखा दुसरा वेडेपणा नाही. इथे खारा वारा म्हणजे औषध. जेवणं झाली की पश्चिमेची दारं उघडायची, ही रीत. ताप येऊन गेला, बाळंतीण अशक्त झाली, कुणाला धाप लागली, की खुर्ची उचलायची आणि दर्याकडे तोंड करून ठेवायची. आरोग्य केंद्रातला डॉक्टर घाटावरचा, पण तोही कागदावर औषध लिहून वर सांगायचा, समुद्राच्या वाऱ्यात बसा. आणि हा दम्याच्या बाईचा भाऊ भरदुपारी खिडक्या लावतोय! लोक वेडा म्हणणार नाहीत तर काय आरती ओवाळणार?

सरांचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत सांगेन. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेत. दिवसा दर्याकडून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीकडून दर्याकडे जातो तो मतलई. परीक्षेत दोन मार्क मिळाले की आपण तो धडा विसरलो. सर विसरले नाहीत. ते म्हणायचे, हायवेवरच्या गाड्यांचा धूर, शेतातल्या जाळाचा धूर, सगळा मतलई वारा रात्री उचलून दर्यावर नेऊन ठेवतो. सकाळी वारा पडलेला असतो, ढगाचं नाव नाही, वर रखरखीत ऊन. त्या उन्हात तो धूर शिजतो आणि त्यातून ओझोन होतो. डोळ्याला दिसत नाही. आणि दुपारी खारा वारा तोच माल आपल्या बल्कांवात आणून टाकतो. "रातीं मतलई व्हरता, दुपारी खारो परत हाडता. दर्यो कोणाचा काय ठेवन घेणा नाय, टीचर." बुडालेला माणूस दर्या परत देतो, हे इथलं पोरही जाणतं. हवेचंही तसंच आहे हे ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"पण सर, ओझोन तर चांगला ना? तो आपल्याला उन्हापासून वाचवतो, पुस्तकात आहे," मी एकदा म्हटलं.

"वर असलो तर देव, टीचर. खाली इलो तर देवचार." देवचार म्हणजे आमच्याकडचं भूत. मग माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघून, "मराठीच्या लोकांनी अर्धा पुस्तक वाचूचा नाय."

हे असं! एक धड वाक्य बोलले की त्याच्या शेपटीला एक चिमटा लावून द्यायचे. शिकवण्याची हौस दांडगी आणि समोरच्याची किंमत शून्य. पोरं त्यांना मागून 'ओझोन सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

त्यांचं यंत्र काय, तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दोन फळ्यांवर त्या ताणून खिळ्यांनी ठोकायच्या. एक फळी बल्कांवात छपराखाली, दुसरी आत आल्ताराशेजारी, येशू-मेरीच्या तसबिरींखाली. रविवारी चर्चमधून मिसा करून आले की भिंगातून तपासणी. बाहेरच्या पट्टीवर आडव्या बारीक भेगा पडलेल्या असायच्या, आतली गुळगुळीत. ओझोन ताणलेलं रबर खातो, म्हणाले. मी म्हटलं उन्हानं तडकलं असेल. "सावलीत आसा ती. डोळे देवान दिले ते खंय ठेवलास?" झालं. माझा रविवार नासला. पण पट्ट्या मात्र खरंच तशा होत्या, हे मी नाकारणार नाही.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे भाजावळीचं भांडण. पावसाआधी भाताचा तरवा जिथं पेरायचा, त्या तुकड्यावर वाळका पातेरा, फांद्यांची कवळं, शेण पसरून जाळायचं, ही आमच्या कोकणातली पिढीजात पद्धत. माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. शेजारच्या बाबलकाकांनी एका सकाळी जाळ लावला आणि आमचे सर लेंग्यावरच विहिरीवरून बादली भरून निघाले. मी मागून हाका मारतेय, ऐकतंय कोण! जाऊन सरळ जाळावर ओतली. पुन्हा दुसरी आणायला वळले, तेव्हा बाबलकाका आडवे आले.

"सरानू, येड लागला काय तुमका? माझो आजो भाजावळ करी होतो, बापूस करी होतो!"

"तुझो आजो करी होतो तेवा हायवेर गाडये होते? आता मुंबैपासून गोंयापर्यंत रांग लागता. तेंचो धूर नि तुझो धूर, वयसून ह्या ऊन. कालवण शिजता थंय! तां कालवण माझ्या भैणीच्या छातीत जाता. तू मारतलस तिका."

शेवटचं वाक्य त्यांनी बाबलकाकांच्या बायकोसमोर, सुनेसमोर म्हटलं. गरीब माणूस, जाळ तसाच सोडून घरात गेला. ग्रामसभेत सरांना माफी मागायला सांगितलं. त्यांनी उभं राहून एका वाक्यात माफी मागितली आणि मग भूगोलाचा तास घेतला. ढग नसले की काय होतं, वारा पडला की काय होतं, उन्हाळे लांबत चाललेत आणि मधे पडणाऱ्या वळवाच्या सरी हुकताहेत, त्यामुळे हवा धुऊन निघायची सोयच कशी राहिली नाही, हे सगळं. लोक जांभया देत होते. शेवटी टाळ्या पडल्या, त्या तास संपला म्हणून.

ते बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण तेव्हापासून बाबलकाकांच्या घरातून कुणी आमच्या दारात आलं नाही. ह्याची शिक्षा झाली कुणाला? आंटीला. बाबलकाकांची बायको, आमची काकी, रोज दुपारी तिच्याकडे यायची, दोघी मिळून गावाच्या कुंडल्या मांडायच्या. ते बंद झालं. मग असंच कुणाकुणाशी करत सरांनी सगळी वाडी स्वतःपासून तोडली. हवेपायी माणसं घालवली आणि बहिणीला बंद खोलीत एकटी बसवली. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "सर, तुम्हाला हवा कळते, माणूस कळत नाही."

"माणूस श्वास घेता, टीचर. आधी ता बघूचा. बाकीचा मगे."

आंटी भांडायची नाही. संध्याकाळी दार उघडलं की बाहेर येऊन खुर्चीत बसायची आणि मला डोळा घालून म्हणायची, "कोंबडे सकाळी सोडतत गो. माका सांजचा सोडतत." तोवर रस्ता रिकामा झालेला असायचा. मासळी घेऊन जाणाऱ्या बायका गेलेल्या, पोरं घरी, दर्यावरून परतणारी माणसं परतलेली. ती रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायची. मला भडभडून यायचं आणि सरांचा असा संताप यायचा की त्यांच्या त्या फळ्या चुलीत घालाव्यात.

आता ह्यात भाचा आला. आग्नेल नाव, म्हापशाला हॉटेलात कामाला. घरात त्याच्या आईचीही, म्हणजे सरांच्या दुसऱ्या बहिणीची, वाटणी होती, त्यामुळे त्यानं पुढच्या खोल्या रंगवून तिथं पर्यटक ठेवायचं काढलं. फाटकावर पाटी लावली: 'सी ब्रीझ होमस्टे'. पहिले पाहुणे आले ते नेमके मे महिन्यात. दुपारी बघतात तर दर्याकडच्या खिडक्या बंद आणि फटींत लुगड्याच्या चिंध्या! त्यांनी खिडकी उघडली की सर बाहेरून जाऊन लावायचे. दोनदा झालं, तिसऱ्यांदा पाहुण्यांनी फोन केला आणि आग्नेल म्हापशाहून तडक आला.

"अंकल, दर्यो दिसता म्हणान लोक येतत, नि तुमी खिडक्येक लुगडां लायतास? आणि आंटीक बघा. दम्याच्या माणसाक कोंडून ठेवलास. लोक काय म्हणतत आयकलास? तुमी मारतलास तिका!"

जे वाक्य सरांनी बाबलकाकांना ऐकवलं होतं, तेच फिरून त्यांच्या पुढ्यात आलं. ते पांढरे पडले. पट्टी दाखवायला म्हणून फळी उचलून आणली, ती हातातच राहिली. आणि तेवढ्यात आंटी बोलली. मी तिला सरांच्या देखत आपल्या मनातलं बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आग्नेल, माझी खुर्ची भायर ठेव रे."

सर फळी जागेवर ठेवून आत गेले.

मी आंटीच्या मागे गेले. म्हटलं, आंटी, सरांचं डोकं फिरलेलं असेल, पण ते म्हणतात त्यात तथ्य आहे. तिनं माझा हात धरला. "तो खोटा सांगणा नाय, टीचर. माका ठावक आसा. दुपारी भायर बसलंय की छाती भरता. पण भितर काय घडता? भितर कायच घडना नाय गो." मी तिला अडवलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. राग आहे, तो दुसऱ्यांचा.

तो आठवडा आंटीनं राणीसारखा भोगला. मशीन बल्कांवात आलं. बायका जाता-येता टेकायला लागल्या. काकीसुद्धा आली, बरका फणस घेऊन, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. आंटीचं हसणं मला मागच्या खोलीत ऐकू यायचं. मधेच ते खोकल्यात बुडायचं, मग पुन्हा वर यायचं.

आणि हवा! मी भूगोलवाली नाही, पण तो आठवडा मलाही कळला. सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. समोरचा दर्यातला किल्ला धुरकटून दिसेनासा झाला होता. आभाळात औषधाला ढग नाही. सुट्टीवाल्यांच्या गाड्यांची फाटकापर्यंत रांग, वरच्या अंगाला शेताशेतात भाजावळी. दुपारी खारा वारा यायचा तोही मेल्यासारखा. डोळे चुरचुरायचे, खोल श्वास घेतला की घशात खरवडल्यासारखं व्हायचं. सरांच्या बाहेरच्या पट्टीला मी बोट लावलं तर ती तटकन तुटली. सर ओला पंचा आणून आंटीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि मुकाट आत जायचे.

आठवडा संपताना त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले आणि सकाळच्या एसटीनं ओरोसला गेले. जिल्ह्याच्या कचेरीत. हवा मोजायचं यंत्र गावात आणून लावा, एवढं सांगायला. आपलं कुणी ऐकत नाही, सरकारी यंत्राचं तरी ऐकतील, असा हिशेब.

त्या दुपारी पाहुण्यांची जीप बल्कांवासमोर उभी होती. ड्रायव्हर आत एसी लावून झोपला होता, इंजिन घरघरतंय, धूर सरळ आंटीच्या खुर्चीवर. मी दोनदा जाऊन काच वाजवली. एकदा त्यानं बंद केलं, मग पुन्हा चालू केलं. गरम होतं म्हणाला. मी आग्नेलला फोन लावला, तर तो म्हणे, पाहुणे आहेत टीचर, जरा सांभाळून घ्या.

आंटीला धाप लागली ती थांबेचना. फवारा दिला, दुसऱ्यांदा दिला, काही नाही. ओठ निळे झाले. मी ओरडले, तिला आत न्या. काकी म्हणाली, "भितर नको गो, वारो लागांदे तिका!" आणि चार बायकांनी खुर्ची उचलून आणखी पुढं, दर्याकडे नेली. मायेनं नेली हो. मी तोंड फोडून सांगत होते आणि त्या पदरानं वारा घालत होत्या.

शेवटी त्याच जीपमधून तिला मालवणला नेली. तिन्हीसांजेच्या प्रार्थनेची, आंजेलूची घंटा व्हायच्या आत ती गेली. सर एसटीतून उतरून फाटकापाशी आले तेव्हा बल्कांवात मशीन तसंच होतं, सुईखाली एक पांढरी बाही.

दफनाच्या दिवशी सगळा गाव लोटला. मी कबरस्तानात उभी राहून ऐकत होते. कुणी म्हणालं, इतकी वर्षं कोंडून ठेवली, छातीला सवयच राहिली नव्हती. आणि मग एक बाई, डोळे पुसत, अगदी मनापासून म्हणाली, "चांगली हवा सोसली नाय गो तिका." सगळ्यांनी माना डोलावल्या. सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं आता हा माणूस पेटणार, कबरीवर उभा राहून मतलई-खारा सांगणार. आयुष्यात पहिल्यांदा मला ते हवं होतं. ते हातातली माती सोडून फाटकाकडे चालू लागले.

सातव्या दिवसाची मिसा झाली त्या संध्याकाळी मी विचारलं, "सर, ओरोसला काय झालं?"

"मी शुद्ध मराठीत बोललंय, टीचर. साहेब हसलो. म्हणालो, 'तुमच्याकडे प्रदूषण? अहो सर, आमची माणसं तिकडे हवा खायला येतात!' नि चाय दिली माका."

पुढे माझी बदली झाली, वेंगुर्ल्याला गेले. ह्या मे महिन्यात मालवणला लग्नाला आले होते, म्हणून दुपारची वाट वाकडी करून त्या घरी गेले. रस्त्यात काकी भेटली. मोठ्या समाधानानं म्हणाली, "सर आता शाणे झाले हां टीचर. खिडक्ये लायणत नाय, काय नाय. दुपारभर भायर बसतत. दम लागता जरा, वय झाला. पण डोक्या ठिकाणार इला."

खरंच, पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. सर आंटीच्या खुर्चीत बसले होते. गालफडं आत गेलेली, श्वासाला शिट्टी. ऊन रणरणतंय, किल्ला धुरकटलेला, वारा दर्याकडून येतोय. छपराखालच्या फळीला नुसते खिळे होते.

"सर, तीन वाजले," मी म्हटलं. "खिडक्या लावायच्या नाहीत?"

"कोणासाठी?" ते म्हणाले.

आतून एक पाहुणा आला, अर्ध्या चड्डीतला. दोन्ही हात वर करून त्यानं आळस दिला, छाती फुगवून दर्याची हवा घेतली आणि म्हणाला, "वा! क्या हवा है, अंकल!"

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मी वाट बघत होते. ते गोड हसले.

"घेवा," म्हणाले, "पोटभर घेवा."

पाहुणा खूश होऊन पायऱ्या उतरून वाळूत गेला. मी शेजारच्या बाकावर टेकायला गेले. सरांनी हात आडवा घातला, पूर्वी वर्गाच्या दारात उशिरा आलेल्या पोरांना घालायचे तसा.

"तुमी हंय बसा नको," ते म्हणाले. "तुमी भितर जावा, टीचर. नि जाताना दार लावन घेवा."